चितळकर : एका स्विंग-गायकाची मराठी गोष्ट

लग्नसराईत वाणगाव स्टेशनाबाहेरच्या रस्त्याने वरात निघाली की बँडपार्टीच्या ठेवणीतली एक चाल हटकून बाहेर येते. क्लॅरिनेट पहिली ओळ काढतो, मागचे ट्रम्पेटवाले तिला उत्तर देतात, आणि तोवर वरातीच्या कडेने नुसते चालणारे काका-मामाही खांदे हलवू लागतात. चाल 'शोला जो भडके' या गाण्याची. अशाच एका वरातीनंतर आम्ही सोबतच्या विद्यार्थ्यांना विचारले, की या गाण्यातला स्त्रीचा आवाज लताबाईंचा, हे तुम्हांस ठाऊक आहे. पण पुरुषाचा आवाज कोणाचा? कोणी रफींचे नाव घेतले, कोणी किशोरकुमारांचे. एकाने 'भगवानदादांचा' असे उत्तर दिले. पडद्यावर जो नाचला त्याचाच गळा असणार, असा त्याचा सरळ हिशोब होता. 'चितळकर' हे नाव कोणी उच्चारले नाही.

संगीतकार सी. रामचंद्र हे नाव मात्र सर्वांना माहीत होते. 'अनारकली'चे, 'ऐ मेरे वतन के लोगों'चे. सी. रामचंद्र आणि चितळकर ही एकाच माणसाची दोन नावे. पहिले चाली बांधणाऱ्याचे, दुसरे गाणाऱ्याचे. चाली बांधणाऱ्याला आपल्या सांस्कृतिक इतिहासात मानाचे पान मिळाले. गाणारा मात्र वरातीच्या रस्त्यावर, निनावी राहिला. असे का झाले असावे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा आमचा विचार आहे. अमेरिकेतील स्विंग-युगाने जगाला जे गायक दिले त्यांच्या पंक्तीला बसू शकेल असा एक गळा मराठी मुलखातही तयार झाला होता, असे आमचे म्हणणे आहे. तो ऐकण्याची तयारी मात्र आपल्यापाशी नव्हती.

१

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्याचा. तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गोदाकाठचे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. यांपैकी दुसऱ्या नावापाशी क्षणभर थांबावयास हवे. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. तसेच दहा वर्षे बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गायक-नट म्हणून वावरलेले. म्हणजे चितळकर ज्या घरात शिकले ते संगीत नाटकाच्या परंपरेला लागून असलेले घर होते.

या परंपरेची आवाजाविषयीची कल्पना ठाम होती. नाट्यगृहात ध्वनिवर्धक नव्हता तेव्हापासूनची ती कल्पना. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, तान सुटली पाहिजे, 'वन्स मोअर' मिळाला पाहिजे. गाणे म्हणजे गळ्याचा पराक्रम. या मापाने पाहता चितळकरांचा गळा साधाच म्हणावा लागतो. तो पातळ होता आणि त्याचा पल्ला बेताचा होता. नाटक मंडळीच्या जमान्यात तो दुसऱ्या-तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला असता की नाही, याची शंकाच आहे.

नशीब काढायला ते बोलपटांकडे वळले. १९३५ सालच्या 'नागानंद' या चित्रपटात ते नायक होते, परंतु त्या वाटेने ते पुढे गेले नाहीत. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून त्यांनी उमेदवारी केली. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामे मिळाली ती 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या दोन तमिळ चित्रपटांची. पुढे भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांच्याशी गाठ पडली आणि १९४२ सालच्या 'सुखी जीवन'पासून त्यांचे हिंदीतले काम सुरू झाले. गिरणगावात वाढलेल्या, मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढणाऱ्या भगवानदादांशी जडलेली ही मैत्री या कथेत महत्त्वाची आहे.

या काळात त्यांनी किती नावे वापरली, हे पाहण्यासारखे आहे. कोठे राम चितळकर, कोठे श्यामू, कोठे अण्णासाहेब, आणि प्रतिष्ठित चित्रपटांसाठी सी. रामचंद्र. जणू एकेका दर्जाच्या चित्रपटासाठी एकेक अंगरखा शिवून ठेवला होता. गाण्यासाठीचा अंगरखा मात्र आडनावाचा. घराण्याचे खरे नाव गळ्याला आणि घडवलेले नाव लेखणीला, ही वाटणी त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

२

आता थोडे मुंबईकडे, तेथल्या हॉटेलांच्या नृत्यगृहांकडे पाहावे लागेल. १९३५ च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाने लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात जी धमाल उडवली, तेथून स्विंग-युगाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. त्याच वर्षी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड तर हिंदुस्थानातच रमला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. महायुद्धाच्या काळात दोस्तांचे सैनिक मुंबईत उतरत राहिले आणि नाचाच्या संगीताची मागणी वाढत गेली.

या अमेरिकनांच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून, हे संगीत आत्मसात केले ते प्रामुख्याने गोमंतकीय वादकांनी. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर ही मुले मुंबईत पोट भरावयास येत. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून पुढे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या आणि यांतले अनेकजण चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे अधिकाधिक वळले.

स्विंग म्हणजे नेमके काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगावयास हवे. चार ठोक्यांचे आवर्तन; पण जोर पहिल्या-तिसऱ्यावर न देता दुसऱ्या-चौथ्यावर द्यावयाचा. एका ठोक्याचे दोन भाग पाडावयाचे ते समान नाहीत : पहिला लांबवायचा, दुसरा तोकडा करायचा. या असमानतेमुळे लयीला झोका मिळतो. शिवाय पितळी वाद्यांचा ताफा आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेटचा ताफा यांच्यात सवाल-जबाब चालतात. आणि या साऱ्यांच्या मधोमध गायक उभा असतो, तो मायक्रोफोनजवळ. येथेच नाटक मंडळीच्या गाण्याशी फारकत होते. बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी दाखवून दिले की मायक्रोफोन असता ओरडण्याची गरज उरत नाही. कानाशी बोलावे तसे गाता येते. शेवटच्या रांगेसाठी गाणारा गळा आणि शेजारच्या खुर्चीसाठी गाणारा गळा, हे दोन वेगळे गळे आहेत. नाट्यगृहात जो आवाज उणा ठरला असता, तोच मायक्रोफोनपुढे पुरा पडला.

३

'शहनाई' (१९४७) या चित्रपटातले 'आना मेरी जान संडे के संडे' हे गाणे आले आणि तो आवाज देशभर पोचला. साहेबी थाटाचा एक प्रियकर इंग्रजी शब्द पेरत आर्जवे करतो आणि प्रेयसी त्याला झिडकारते, असा साधा मामला. त्यात शिट्टी आहे, नाचाचा ठेका आहे, आणि चितळकरांचा गाण्यापेक्षा बोलण्याच्या अंगाने जाणारा स्वर आहे. दोन वर्षांनी 'पतंगा'तले 'मेरे पिया गए रंगून' आले. रंगून आणि डेहराडून यांच्यामधला हा टेलिफोनवरचा संवाद; एका टोकाला शमशाद बेगम, दुसऱ्या टोकाला चितळकर. पडद्यावर निगार सुलताना आणि गोप. महायुद्धाने ब्रह्मदेशातून हजारो हिंदी कुटुंबांना पायी परतावयास लावले होते. ती जखम ताजी असताना हे विनोदी गाणे रचले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातल्या हलकेपणाचे वजन कळते.

आणि मग १९५१ सालचा 'अलबेला'. निर्माता, दिग्दर्शक, नायक भगवानदादा. गीतकार राजेंद्र कृष्ण. सामान्य घरातला, नाटकाच्या वेडाने घराबाहेर पडलेला प्यारेलाल हा त्याचा नायक. 'भोली सूरत', 'शाम ढले', 'शोला जो भडके' या तिन्ही गाण्यांत भगवानदादांसाठी चितळकर गायले, सोबत लता मंगेशकर. 'शोला जो भडके'त बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा वाद्यमेळ आहे. याच चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह झालरीच्या बाह्यांचे पोशाख घालून पडद्यावरही दिसतात.

ही गाणी गायक म्हणून ऐकावीत. चितळकर ओळीच्या शेवटी स्वर धरून ठेवत नाहीत. तो सोडून देतात, आणि त्या मोकळ्या जागेत ट्रम्पेट उत्तर देतो. मुरकी घेण्याचा, मींड काढण्याचा मोह ते आवरतात. विनायकबुवांच्या शिष्याला तो मोह होत नसेल असे कोण म्हणेल? लताबाईंचा स्वर वर, उजळ, तारेसारखा ताणलेला. त्याच्याखाली चितळकरांचा किंचित आळसावलेला, चालता चालता गुणगुणणारा स्वर. या दोहोंतल्या अंतरातून गाण्याला खेळकरपणा येतो. जे येत असूनही गावयाचे नाही, त्याची निवड करणे ही गायकाची विद्याच होय. स्विंगच्या गायकाला ती फार लागते.

४

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा आवाज कोणासाठी राखून ठेवला गेला? गोपसाठी, भगवानसाठी. विनोदी पात्रासाठी, किंवा ज्याच्यावर जग हसते अशा नायकासाठी. 'अनारकली'त (१९५३) सलीमच्या प्रेमाला हेमंतकुमारांचा गंभीर स्वर लाभला. सी. रामचंद्रांनी शहजाद्याला चितळकरांचा गळा दिला नाही. मराठी वाचकाला ही वाटणी परिचयाची वाटावी. तमाशात सोंगाड्या असतो. राजाची फजिती करण्याचा, भाषेची मोडतोड करण्याचा, मधूनच खऱ्या गोष्टी बोलण्याचा परवाना त्याला असतो. मात्र सिंहासन त्याला मिळत नाही. चितळकरांचा आवाज हा हिंदी चित्रपटसंगीतातला सोंगाड्याचा आवाज होता, असे म्हणावयास हरकत नाही. स्विंग या संगीतप्रकाराला आपल्याकडे जी जागा मिळाली, तीही नेमकी तीच : मजेची, पण मानाची नव्हे.

या विधानाला एक अपवाद आहे, आणि तो विधानाला बळकटीच देतो. 'आझाद' (१९५५) मधले 'कितना हसीं है मौसम' हे युगुलगीत तलत महमूद यांच्यासाठी योजले होते. ते उपलब्ध नसल्याने चितळकरांनी ते स्वतः गायले. पडद्यावर होते दिलीपकुमार. या गाण्यात चितळकरांनी तलतच्या स्वराची छटा अशी उचलली की आजही अनेक श्रोते ते तलतचेच समजतात. म्हणजे दिलीपकुमारांचा आवाज होण्यासाठी चितळकरांना चितळकर राहून चालले नाही. ते नायकासाठी गाऊ शकत होते, हे या गाण्याने सिद्ध झाले. आणि कोणत्या अटीवर, हेही.

'आशा' (१९५७) पर्यंत काळ बदलला होता. 'ईना मीना डीका' हे गाणे त्यांनी किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्याकडून वेगवेगळे गाऊन घेतले. त्याच्या जन्माची हकीकत प्रसिद्ध आहे. संगीतकक्षाबाहेर खेळणाऱ्या पोरांचे इंग्रजी मोजणीगाणे कानी आले आणि त्यावरून सी. रामचंद्र व त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी निरर्थक अक्षरांची ओळ जुळवली. तिच्या शेपटाला गोम्स यांनी कोंकणीतला नकार जोडला. अर्थहीन अक्षरे लयीसाठी गाणे याला जॅझमध्ये 'स्कॅट' म्हणतात. आपल्याकडे तराण्याने ते काम शतकानुशतके केले आहे. सोंगाड्याचा सूर आता नायकाच्या तोंडी बसला होता, कारण येथे नायकच किशोरकुमार होता. ज्या वाटेवर चितळकर एकटे चालत आले, तिचा राजमार्ग झाला तेव्हा त्यावरून दुसरे कोणी गेले.

५

चितळकरांच्या बाजूने बोलताना त्यांच्यावरचे आक्षेपही टाळता येणार नाहीत. 'समाधी' (१९५०) मधले 'गोरे गोरे' हे गाणे 'डॉल फेस' (१९४५) या अमेरिकन चित्रपटातील कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून उचलले आहे, हे दोन्ही ऐकणाऱ्यास क्षणात कळते. मात्र चाली उसन्या घेण्याचे पाप चित्रपटानेच प्रथम केले असे नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून आमच्या संगीत नाटकांनी लावण्या, कानडी पदे, कीर्तनातली पदे यांच्या चाली मुक्तहस्ताने घेतल्या आहेत. फरक एवढाच, की छापील नाटकात पदाच्या डोक्यावर 'चाल :' असे लिहून मूळ पदाचा निर्देश केलेला असे. उसने घेतले तरी सावकाराचे नाव वहीत असे. चित्रपटाने चाली घेतल्या आणि वही फाडून टाकली.

त्या फाटलेल्या वहीत गोमंतकीय वादकांचीही नावे होती. संगीतकार चाल गुणगुणे. तिला वाद्यमेळात बसवणे, कोठे ट्रम्पेट बोलेल आणि कोठे सॅक्सोफोन गप्प राहील हे स्वरलिपीत उतरवणे, हे काम पुष्कळदा चिक चॉकलेट, जॉन गोम्स, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांचे असे. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळालीच तर 'साहाय्यक' म्हणून. गायक चितळकर ज्या झोक्यावर बसून गातात तो झोका बांधणारे हात हे आहेत. चितळकरांच्या विस्मृतीबद्दल हळहळणाऱ्या आम्हांस त्याच दमात हेही म्हणावे लागते, की ज्याचे नाव पुसले गेले त्याच्या नावाखालीही आणखी काही नावे पुसलेली आहेत.

गोव्याने आपल्या लोकांची आठवण अधिक निगुतीने ठेवली. स्विंगचा वारसा पुढे कोंकणी गाण्यांत क्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी नेला, आणि त्या जगावर २०१४ साली 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट निघाला. मराठीत २०१६ साली 'एक अलबेला' निघाला तो भगवानदादांवर. आमच्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर पुन्हा आठवावे : नाचणारा लक्षात राहिला.

६

या विस्मरणाला केवळ काळ कारणीभूत नाही. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती; चित्रपटगीते आणि त्यांतला पाश्चात्त्य वाद्यमेळ त्यांना हीन वाटे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते दिसेनाशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू झाल्यावर ती परतली. केसकर आणि चितळकर दोघेही मराठी आणि शास्त्रीय संगीताच्या संस्कारातले. एकाने त्या संस्काराचा कोट बांधला, दुसऱ्याने त्याला खिडकी पाडली. आमच्या मराठी मध्यमवर्गाने मनोमन केसकरांची बाजू घेतली, असे आता वाटते.

चितळकरांच्या उत्तरायुष्याकडेही आपण त्याच नजरेने पाहिले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायले आणि सी. रामचंद्र राष्ट्राच्या शोकाचे संगीतकार झाले. पुढे 'धनंजय' आणि 'घरकुल' हे मराठी चित्रपट झाले, ग. दि. माडगूळकरांच्या 'गीत गोपाल'ला त्यांनी चाली दिल्या, १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'अनारकली' आणि 'गीत गोपाल' यांच्या आधारे त्यांचे मोठेपण सांगावयाचे आणि 'संडे के संडे'चा उल्लेख तरुणपणच्या खोडीसारखा हसून करावयाचा, ही आपली रीत झाली. ती सोडावी, एवढेच आमचे मागणे आहे.

वाणगावच्या परिसरात राहणाऱ्यांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली मंडळी तारपा वाजवतात. तारपेकरी मधोमध, आणि हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. त्याने चाल बदलली की साखळीचे पाऊल बदलते. त्या संगीतापुढे कोणी मांडी घालून, मान डोलवत बसत नाही. ते पायांनी ऐकावयाचे असते. त्याला कोणी हलके म्हटले तर आम्ही भांडायला उठतो. स्विंगही पायांनी ऐकावयाचे संगीत होते आणि चितळकर त्याचा मराठी गळा होते. पुढच्या वरातीत ती चाल वाजेल तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना पुन्हा विचारणार आहोत. निदान एकाने तरी ते आडनाव घ्यावे. आणि त्याला लागून ट्रम्पेट कोणाचा, हे उलट आम्हालाच विचारावे.